आयसीयूमध्ये गेल्या महिन्यात ७ मृत्यू, या महिन्यात १३. काही बिघडलंय का? हे ओळखणारे आलेख कसे काम करतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयातून एक बातमी आली. २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बालकं. पुढच्या काही तासांत ४८ तासांतल्या मृत्यूंचा आकडा ३१ वर गेला. राज्यभर खळबळ उडाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली.

औषधं कमी होती का, डॉक्टर-नर्स पुरेसे होते का, यावर बरीच चर्चा झाली. पण सोशल मीडियावर आणखी एक प्रश्न वारंवार विचारला जात होता. एवढ्या मोठ्या रुग्णालयात रोज काही मृत्यू होतातच. मग २४ हा आकडा नेहमीपेक्षा किती वेगळा आहे? आणि तो वेगळा आहे हे कोणाच्या, कधी लक्षात यायला हवं होतं?

हाच प्रश्न जगभरातल्या अतिदक्षता विभागांना, म्हणजे आयसीयूंना, रोज पडतो. तिथे येणारे रुग्ण आधीच अत्यवस्थ असतात. सगळं काही नीट करूनही त्यातले काही दगावतात. मग 'हे मृत्यू होणारच होते' आणि 'इथे काहीतरी चुकतंय' यातला फरक ओळखायचा कसा?

त्यासाठी काही खास आलेख वापरले जातात. दिसायला ते साधे असतात. कागदावर काही बिंदू आणि दोन-तीन रेषा. पण त्यांच्यामागचा विचार समजला तर रुग्णालयातल्या मृत्यूंच्या बातम्या वाचण्याची आपली पद्धतही बदलू शकते.

७ चे १३ झाले, म्हणजे मृत्यू दुप्पट झाले का?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका आयसीयूमध्ये महिन्याला ५० रुग्ण दाखल होतात. गेल्या काही वर्षांचा अनुभव असा की, दर १०० रुग्णांमागे साधारण २० जण वाचत नाहीत. म्हणजे महिन्याला सरासरी १० मृत्यू.

गेल्या महिन्यात ७ मृत्यू झाले. या महिन्यात १३. बातमीचा मथळा तयार होतो: 'आयसीयूतील मृत्यू जवळपास दुप्पट'. पण हा मथळा बरोबर आहे का?

आता एका डब्यात ५ चिठ्ठ्या ठेवा, ४ पांढऱ्या आणि १ लाल. न बघता एक चिठ्ठी काढा, रंग लिहून ठेवा, चिठ्ठी परत टाका. असं ५० वेळा करा. लाल चिठ्ठी सरासरी १० वेळा यायला हवी. पण प्रत्यक्षात कधी ७ वेळा येईल, कधी १३ वेळा, कधी ११. डब्यात काहीच बदललेलं नसतं, तरी आकडा वरखाली होतो.

आयसीयूतल्या आकड्यांचंही तसंच आहे. उपचारांचा दर्जा अगदी तोच राहिला तरी दर महिन्याचा आकडा हलणारच. त्यामुळे कालचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही. हा चढउतार नेहमीचा किती आणि नेहमीच्या बाहेरचा किती, हे आधी ठरवावं लागतं.

कंट्रोल चार्ट कुठून आला?

या प्रश्नाचं उत्तर रुग्णालयात नाही, तर टेलिफोनच्या कारखान्यांसाठी शोधलं गेलं.

वॉल्टर शूहार्ट हे अमेरिकन संशोधक टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होते. कारखान्यात बनणाऱ्या सुट्या भागांमध्ये काही दोष निघायचेच. दोष वाढले की यंत्रं बदलून बघायची, जुळणी बदलायची, असं चालायचं. अशा लुडबुडीमुळे अनेकदा गोंधळ आणखी वाढायचा.

१६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी वरिष्ठांना जेमतेम एक पानाची टिपणी पाठवली. तिच्यात एक आकृती होती. तोच पहिला कंट्रोल चार्ट मानला जातो. १९३१ मध्ये त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं.

त्यांचा विचार असा होता. चढउतार दोन प्रकारचे असतात. एक, त्या कामाच्या पद्धतीतच मुरलेला, असंख्य बारीकसारीक गोष्टींमुळे होणारा. दुसरा, एखाद्या विशिष्ट कारणामुळे झालेला. पहिल्या प्रकारात एकेका घटनेच्या मागे धावून उपयोग नसतो, ते कमी करायचं तर कामाची पद्धतच बदलावी लागते. दुसऱ्या प्रकारात मात्र ताबडतोब कारण शोधायला हवं.

हे दोन प्रकार वेगळे करण्यासाठी शूहार्ट यांनी आलेखावर तीन रेषा काढल्या. मधली रेषा सरासरीची. तिच्यावर एक आणि खाली एक अशा दोन मर्यादा रेषा. बिंदू या दोन रेषांच्या आत असेल तर तो नेहमीचा चढउतार. बाहेर गेला तर कारण शोधा.

या पद्धतीचं भारताशीही जुनं नातं आहे. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक पी. सी. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. देशभर फिरून त्यांनी इथल्या उद्योगांना ही पद्धत समजावून सांगितली. त्यामुळे आपल्या कारखान्यांना हे आलेख रुग्णालयांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत.

मर्यादा रेषा कशी ठरते?

सरासरीपासून आकडे साधारण किती लांब जातात, याचं एक माप असतं. त्याला प्रमाण विचलन किंवा सिग्मा म्हणतात. शूहार्ट यांनी मर्यादा रेषा सरासरीपासून ३ सिग्मा अंतरावर ठेवली.

वरच्या उदाहरणातल्या आयसीयूसाठी हा हिशोब केला तर एक सिग्मा म्हणजे साधारण २.८ मृत्यू. तीन सिग्मा म्हणजे साधारण ८.५. सरासरी १० असल्यामुळे खालची रेषा १.५ च्या आसपास येते आणि वरची १८.५ च्या आसपास.

म्हणजे महिन्याला २ ते १८ यातला कुठलाही आकडा केवळ योगायोगाने येऊ शकतो. ७ सुद्धा आणि १३ सुद्धा. १३ मृत्यू झाले म्हणून डॉक्टरांना धारेवर धरणं जेवढं निराधार, तेवढंच ७ झाले म्हणून पाठ थोपटून घेणं. १९ मृत्यू झाले तर मात्र थांबून बघायला हवं.

रेषा ३ सिग्मावरच का? जवळ ठेवली, समजा २ सिग्मावर, तर काहीच बिघडलेलं नसताना साधारण २० बिंदूंमागे एक बिंदू बाहेर जाईल. दर थोड्या दिवसांनी खोटी घंटा वाजली की लोक तिच्याकडे लक्ष देणं सोडून देतात. ३ सिग्मावर अशी खोटी घंटा साधारण ३७० बिंदूंमागे एकदा वाजते. पण रेषा जितकी लांब, तितका खरा बिघाड उशिरा कळण्याचा धोका जास्त. या दोन्हींचा मेळ घालूनच मर्यादा ठरवावी लागते.

पण सगळे रुग्ण सारखे कुठे असतात?

चिठ्ठ्यांच्या उदाहरणात एक मोठी गडबड आहे. डब्यातली प्रत्येक चिठ्ठी सारखी असते, आयसीयूतला प्रत्येक रुग्ण सारखा नसतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेनंतर एका रात्रीसाठी देखरेखीखाली ठेवलेला ३० वर्षांचा तरुण आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून किडनी बंद पडलेल्या ७५ वर्षांच्या आजी, या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही.

कारखान्यातला चार्ट जसाच्या तसा रुग्णालयात लावला तर सर्वांत गंभीर रुग्ण घेणारं रुग्णालय सर्वांत वाईट दिसेल. मग रुग्णालयं अशा रुग्णांना दारातूनच परत पाठवू लागतील. मोजमापाचा उद्देशच उलटा होईल.

यावर तोडगा निघाला तो 'अपाची' या गुणांकनातून. अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती मांडली. १९८५ मध्ये आलेली 'अपाची टू' जगभर पसरली आणि भारतातल्या आयसीयूंमध्येही ती आजवर वापरली जाते.

त्यात रुग्ण दाखल झाल्यापासून पहिल्या २४ तासांतली १२ मोजमापं घेतात. रक्तदाब, नाडी, ताप, श्वासाचा वेग, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम, शुद्धीची पातळी वगैरे. त्या २४ तासांतलं सर्वांत वाईट मोजमाप धरतात. त्यात वय आणि जुने आजार यांचे गुण मिळवतात. एकूण गुण ० ते ७१ पर्यंत जाऊ शकतात. गुण जितके जास्त, तितका मृत्यूचा धोका जास्त. गुण आणि आजाराचा प्रकार यावरून त्या रुग्णाचा अंदाजे धोका टक्क्यांत काढता येतो.

सगळ्या रुग्णांचे हे धोके एकत्र केले की 'अपेक्षित मृत्यू' मिळतात. प्रत्यक्ष मृत्यूंना अपेक्षित मृत्यूंनी भागलं की येणारा आकडा म्हणजे प्रमाणित मृत्यू गुणोत्तर, म्हणजेच एसएमआर. तो १ असेल तर अंदाजाइतकेच मृत्यू, १ पेक्षा कमी असेल तर अंदाजापेक्षा कमी.

समजा, दोन आयसीयूंमध्ये प्रत्येकी १०० रुग्ण आले. पहिल्यात २७ मृत्यू झाले, दुसऱ्यात १२. नुसते आकडे पाहिले तर दुसरं आयसीयू चांगलं वाटेल. पण पहिल्याकडे इतके गंभीर रुग्ण होते की ३० मृत्यू अपेक्षित होते. त्याचा एसएमआर ०.९. दुसऱ्याकडे फक्त ८ अपेक्षित होते. त्याचा एसएमआर १.५. चित्र एकदम उलटतं.

हळूहळू होणारी घसरण कशी पकडायची?

कंट्रोल चार्टची एक मर्यादा आहे. अचानक मोठा बिघाड झाला तर तो लगेच पकडतो. पण हळूहळू होणारी घसरण त्याच्या नजरेतून निसटू शकते.

पुन्हा आपलं जुनं आयसीयू. महिन्याला १० मृत्यू अपेक्षित, वरची मर्यादा १८. आता समजा, सलग ८ महिन्यांचे आकडे असे आले: १२, १३, ११, १४, १२, १३, १२, ११. एकही बिंदू मर्यादेच्या जवळपाससुद्धा नाही. पण बेरीज करा. अपेक्षित होते ८०, झाले ९८. आठ महिन्यांत १८ जण जास्त गेले आणि एकदाही घंटा वाजली नाही.

म्हणून जाणकार फक्त रेषेकडे बघत नाहीत. सलग ८ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला आले तरी तो इशारा मानला जातो. नाणं ८ वेळा उडवून आठही वेळा छापाच पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक असते. तसाच हा प्रकार.

याहून नेमकं साधन म्हणजे 'क्युसम', म्हणजे साठत जाणाऱ्या फरकाचा आलेख. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये तो मांडला. यात दर महिन्याचा फरक आधीच्या फरकात मिळवत जातात. वरच्या आकड्यांत पहिल्या महिन्यात २, मग ५, मग ६, १०, १२, १५, १७, १८. बिंदू वरखाली होण्याऐवजी रेष जिना चढल्यासारखी वर जाते. चौथ्या-पाचव्या महिन्यातच डोळ्यांना ते जाणवतं.

१९९७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी याचंच एक सोपं रूप 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्याला व्हीएलएडी म्हणतात. तो चक्क जमाखर्चाच्या वहीसारखा चालतो.

ज्याच्या मृत्यूचा धोका १० टक्के होता असा रुग्ण वाचला तर जमेला ०.१ लिहायचे. तो गेला तर ०.९ वजा. ज्याचा धोका ८० टक्के होता तो वाचला तर ०.८ जमा. तो गेला तर फक्त ०.२ वजा. म्हणजे अत्यवस्थ रुग्णाला वाचवलं तर भरघोस जमा, आणि बरा होऊन घरी जायला हवा होता असा रुग्ण गेला तर मोठी वजावट. रेष वर चाललीय, सपाट आहे की खाली वळलीय, एवढंच बघायचं. आकडेशास्त्र न शिकलेल्या नर्सलाही ते समजतं.

आकडे असूनही कोणी पाहिले नाहीत तर?

या आलेखांची गरज जगाला पटवून देणारं एक प्रकरण ब्रिटनमध्ये घडलं.

ब्रिस्टॉल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया होत. तिथे रुजू झालेले भूलतज्ज्ञ डॉ. स्टीफन बोल्सिन यांना मुलांचे मृत्यू जास्त होताहेत असं वाटू लागलं. त्यांनी स्वतः आकडे गोळा केले, वरिष्ठांकडे मांडले. अनेक वर्षं फारसं काही झालं नाही.

पुढे इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. १९८४ ते १९९५ या काळातल्या कामाची तपासणी झाली आणि २००१ मध्ये अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालच्या मुलांपैकी ३० ते ३५ मुलं, एखाद्या सर्वसाधारण केंद्रात अपेक्षित असलेल्या मृत्यूंपेक्षा जास्त दगावली, असा निष्कर्ष निघाला. चौकशीसाठी आकड्यांचं विश्लेषण करणाऱ्या चमूत संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पिगेलहाल्टर होते.

या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे आकडे उपलब्ध होते. एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंदले गेले होते. पण ते एकत्र मांडून त्यांच्याकडे नियमित बघायचं ही कोणा एकाची जबाबदारी नव्हती.

याच्या उलट उदाहरणही ब्रिटनमधलंच आहे. लंडनचे हृदयशल्यचिकित्सक मार्क द लेव्हाल नवजात बाळांवर एक अवघड शस्त्रक्रिया करत. अनेक यशस्वी शस्त्रक्रियांनंतर अचानक काही मृत्यू पाठोपाठ झाले. त्यांनी आपल्याच १०४ शस्त्रक्रियांचे आकडे क्युसम पद्धतीने तपासले, दुसऱ्या केंद्रात जाऊन ही शस्त्रक्रिया पुन्हा शिकून घेतली आणि १९९४ मध्ये हे सगळं स्वतःच प्रसिद्ध केलं. पुढे त्यांचे निकाल सुधारले.

आयसीयूतल्या एका नर्सने ओळखलेली गडबड

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात बंडाबर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयात टोनी हॉफमन या आयसीयूच्या प्रमुख नर्स होत्या. एका शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केलेले रुग्ण गुंतागुंत होऊन आयसीयूत येण्याचं प्रमाण त्यांना वेगळं वाटलं. २००३ पासून त्या तक्रार करत होत्या. २००५ मध्ये एका आमदाराने हा विषय राज्याच्या विधिमंडळात मांडल्यावर चौकशी सुरू झाली.

या प्रकरणानंतर क्वीन्सलँडने राज्यातल्या रुग्णालयांवर व्हीएलएडी आलेखांनी नियमित लक्ष ठेवायला सुरुवात केली. एखाद्या नर्सच्या धाडसावर विसंबून न राहता आकड्यांनीच इशारा द्यावा, हा त्यामागचा विचार.

याच राज्यातल्या ब्रिस्बेन शहरात आयसीयूसाठी खास काम आधीच सुरू होतं. तिथले आयसीयू तज्ज्ञ डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रुग्णांची गंभीरता लक्षात घेऊन केलेले कंट्रोल चार्ट आणि क्युसम वापरून आयसीयूच्या कामगिरीवर सतत नजर कशी ठेवता येते, हे दाखवून दिलं.

मृत्यूंशिवाय आणखी काय मोजतात?

मृत्यू हा शेवटचा परिणाम झाला. त्याच्या आधी बिघडणाऱ्या गोष्टी मोजल्या तर जीव वाचवता येतात. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे आयसीयूत असताना होणारे संसर्ग.

मानेजवळच्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला सेंट्रल लाइन म्हणतात. औषधं देण्यासाठी ती लागते, पण तिच्यातून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. हे संसर्ग 'दर १,००० लाइन-दिवसांमागे किती' असे मोजतात. एका रुग्णाला एक दिवस नळी होती म्हणजे एक लाइन-दिवस.

इथेही छोट्या आकड्यांचा घोळ होतो. १० खाटांच्या आयसीयूत रोज ६ रुग्णांना नळी असेल तर ३० दिवसांत १८० लाइन-दिवस होतात. त्या महिन्यात एक संसर्ग झाला तर दर ५.६. दोन झाले तर ११.१. एका रुग्णाच्या फरकाने दर दुप्पट!

म्हणून छोट्या आयसीयूंमध्ये दुसरा मार्ग वापरतात. दर मोजण्याऐवजी दोन संसर्गांमध्ये किती दिवस गेले ते मोजायचं. कारखान्यांच्या फाटकावर 'शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले' असा फलक असतो, तसंच. हे अंतर वाढत गेलं तर सुधारणा, कमी होत गेलं तर धोका.

मोजमापाने काय साधतं हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यात दिसलं. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तिथे पाच साध्या गोष्टींवर भर दिला. हात धुणं, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन घालणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणं, शक्यतो मांडीच्या शिरेत नळी न घालणं आणि गरज संपताच ती काढणं. १०३ आयसीयूंचे निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दर १,००० लाइन-दिवसांमागचं संसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ वरून १८ महिन्यांत १.४ वर आलं होतं. संसर्गाचे आकडे त्या-त्या आयसीयूला नियमित कळवले जात होते, हाही त्या मोहिमेचा भाग होता.

दोन रुग्णालयांची तुलना कशी करतात?

रुग्णालयांची 'टॉप टेन' यादी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्यात छोट्या रुग्णालयांवर अन्याय होतो, कधी त्यांचं फुकट कौतुकही होतं.

समजा, एका छोट्या आयसीयूत ३० रुग्ण आले, ६ मृत्यू अपेक्षित होते, ८ झाले. एसएमआर १.३३. मोठ्या आयसीयूत १,००० रुग्ण आले, २०० अपेक्षित होते, २६६ झाले. एसएमआर तोच, १.३३. पण पहिल्या ठिकाणी दोन मृत्यूंचा फरक निव्वळ योगायोग असू शकतो. दुसऱ्या ठिकाणी ६६ मृत्यूंचा फरक योगायोगाने पडणं जवळपास अशक्य.

यासाठी फनेल प्लॉट वापरतात. फनेल म्हणजे नरसाळं. आडव्या रेषेवर रुग्णसंख्या, उभ्या रेषेवर एसएमआर. मर्यादा रेषा कमी रुग्ण असलेल्या बाजूला रुंद आणि जास्त रुग्णांच्या बाजूला अरुंद होत जातात. प्रत्येक रुग्णालय म्हणजे एक बिंदू. नरसाळ्याच्या आतल्या बिंदूंमध्ये पहिला-दुसरा-तिसरा असं लावायचं नाही. बाहेर पडलेल्यांकडे लक्ष द्यायचं. ब्रिटनमधली आयसीएनएआरसी ही संस्था १९९४ पासून आयसीयूंचे आकडे गोळा करते आणि त्यांची तुलना अशा आलेखांनी मांडते.

बिंदू रेषेबाहेर गेला म्हणजे डॉक्टर दोषी?

नाही. तिथून फक्त चौकशी सुरू होते, आणि तिचाही एक क्रम असतो.

सर्वांत आधी नोंदी बरोबर आहेत का ते बघतात. मग रुग्णांचं स्वरूप बदललं होतं का, उदाहरणार्थ एखादी साथ आली होती का. मग साधनसामग्री आणि मनुष्यबळ: एका नर्सकडे किती रुग्ण होते, व्हेंटिलेटर चालू होते का. मग उपचारांची पद्धत. आणि सर्वांत शेवटी एखादी व्यक्ती. प्रत्यक्षात बातम्यांमध्ये आणि राजकारणात हा क्रम नेमका उलटा असतो. आधी व्यक्ती निलंबित होते, बाकीचं नंतर.

आकड्यांमध्ये खोटही असू शकते. रुग्णाची गंभीरता जाणूनबुजून वाढवून लिहिली की अपेक्षित मृत्यू वाढतात आणि आयसीयू चांगलं दिसू लागतं. अत्यवस्थ रुग्ण दुसरीकडे हलवला की मृत्यू दुसऱ्याच्या खात्यात जातो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पैसे संपले किंवा आशा संपली की नातेवाईक डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरी नेतात. रुग्णालयाच्या भाषेत याला 'डामा' म्हणतात. तो रुग्ण काही तासांत घरी दगावतो, पण आयसीयूच्या वहीत तो 'डिस्चार्ज' असतो. असे रुग्ण वेगळे मोजले नाहीत तर आलेख कितीही सुबक असला तरी खोटाच.

शिवाय 'अपाची टू' ज्या आकड्यांवर बेतलेली आहे ते अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांमधल्या ५,८१५ दाखल रुग्णांचे, चार दशकांपूर्वीचे. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो किंवा कीटकनाशक पिऊन आलेला शेतकरी, असे आपल्या आयसीयूत नेहमी दिसणारे रुग्ण तो पाया घालताना समोर नव्हते. त्यामुळे भारतीय रुग्णांसाठी भारतीय आकडे लागतात.

भारतात काय परिस्थिती आहे?

इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन ही आयसीयू तज्ज्ञांची संघटना १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. २००९ मध्ये तिने भारतीय आयसीयूंसाठी दर्जाचे निर्देशांक सुचवले. त्यात मृत्यूंचं प्रमाणित गुणोत्तर, संसर्ग, आयसीयूतून वॉर्डात गेलेला रुग्ण परत आयसीयूत येणं अशा गोष्टी आहेत. रुग्णालयांना मानांकन देणारी 'एनएबीएच'ही असे निर्देशांक नोंदवायला सांगते.

संसर्गांच्या नोंदीसाठी एम्स, आयसीएमआर आणि अमेरिकेच्या सीडीसीच्या सहकार्याने रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं. २०१७-१८ मधल्या त्यांच्या पाहणीत २६ रुग्णालयांमधले ८९ आयसीयू होते आणि ती २०२२ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ पासून 'आयरिस' ही आयसीयूंची भारतीय नोंदवहीही सुरू झाली आहे.

पण मानांकन ऐच्छिक आहे आणि नोंदवहीत सहभागी होणंही. देशातली बहुसंख्य छोटी आयसीयू, तालुक्याच्या गावातली पाच-सहा खाटांची, या सगळ्याच्या बाहेर आहेत.

आपण काय विचारू शकतो?

रुग्णालयातल्या मृत्यूंची बातमी समोर आली की फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारता येतात. तिथे एरवी किती मृत्यू होतात? दाखल रुग्ण किती होते? ते किती गंभीर होते? आणि हा एकट्या दिवसाचा आकडा आहे की गेल्या काही महिन्यांपासून रेष वर चढत होती?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण एका दिवसाचा आकडा मोठा असला की कॅमेरे पोहोचतात. आठ महिने दर महिन्याला दोन-तीन जण जास्त जात राहिले तर त्याची बातमी कधीच होत नाही. ती फक्त आलेखावर दिसते, आणि तीही कोणी आलेख काढला असेल तरच.

आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाईकांकडून अशा प्रश्नांची अपेक्षा करता येत नाही. पण सरकारी रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समितीचे सदस्य, नगरसेवक, पत्रकार हे नक्की विचारू शकतात. सुरुवातीला एकच प्रश्न पुरेसा आहे: 'तुमच्या आयसीयूत सेंट्रल लाइनचा शेवटचा संसर्ग होऊन किती दिवस झाले?'

उत्तर १२ दिवस असो की १२०, ते लगेच मिळालं तर तिथे कोणीतरी मोजतंय. 'बघून सांगतो' असं उत्तर आलं तर पुढचे प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवेत.